आधी गाडीखाली झोपा!

कडुनिंबाखाली कित्येक वर्षं उभी असलेली पिकअप. तोंड जीपचं, पाठ टेम्पोची. हौद्यात निंबोळ्यांचा थर, सीटच्या काथ्यात उंदरांचं घर आणि फाळक्याच्या कडीला अजूनही शेळीचं दावं लटकलेलं. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात वस्त्या-वस्त्यांवर अशा गाड्या दिसतात. भंगारवाला येता-जाता भाव सांगून जातो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "राहू द्या, बघू पुढं."

आमच्या काकांची अशीच एक गाडी भंगारात जाता जाता वाचली. बघायला आलेल्या मिस्त्री चाचांनी बॉनेटला हातही लावला नाही. मातीत पोतं अंथरलं, सरळ चासीखाली सरकले आणि तिथूनच आवाज दिला, "भाऊ, आधी गाडीखाली झोपा, मग वर बघा. रंग काय, कुणीबी मारतं!"

कमी पैशात जुनी गाडी उभी करण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. चासी, ब्रेक, इंजिन, हौदा आणि सगळ्यात शेवटी रंग. खालून वर. हा क्रम ज्यानं उलटा केला, त्याची गाडी झगमगते खरी, पण उतारावर थांबत नाही. म्हणून ही सगळी गंमतही आपण खालूनच सुरू करू.

दुष्काळानं राखलेला पत्रा

पाटोदा बालाघाटाच्या डोंगररांगेत, पर्जन्यछायेत. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, पण तिलाही पाण्यासाठी वाट बघावी लागते. शेतकऱ्याला रडवणारा हा कोरडेपणा लोखंडाला मात्र मानवतो. गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. हवेतला ओलावा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की गंजाचा वेग झपाट्यानं वाढतो आणि त्यात मीठ मिसळलं तर विचारायलाच नको. म्हणून समुद्राकाठची गाडी वरून चकचकीत असली तरी खालून जाळी झालेली निघू शकते आणि आपल्याकडची वरून उन्हानं रंग उडालेली गाडी खालून ठणठणीत सापडते. जुनी गाडी विकत घ्यायची असेल तर कोरड्या मुलखातली शोधा. पत्राकामाचा मोठा खर्च तिथंच वाचतो.

पण आपल्याकडंही गंजाची ठरलेली ठिकाणं आहेत. ज्या हौद्यातून रासायनिक खताची पोती आणि शेणखत वाहिलं, त्याचे कोपरे आधी तपासायचे. खतातले क्षार ओल धरून ठेवतात. दुसरी जागा केबिनमधल्या रबरी मॅटखाली. तिसरी, पाटे जिथं चासीला धरतात ते हँगर. चाचांची तपासणी अगदी साधी होती. छोटी हातोडी घेऊन चासीवर वीतभर अंतरानं ठोकत गेले. 'टण्ण' वाजलं की पुढं. एका ठिकाणी 'थप्प' वाजलं, तिथं खडूनं गोल काढला. पूर्ण चासीवर तीन गोल निघाले. तीन गोल म्हणजे गाडी जगते, असा त्यांचा निकाल.

गॅरेजचे शब्द आले कुठून?

गॅरेजमध्ये दिवसभर आपण जे बोलतो त्यात अर्धं जग भरलेलं आहे.

टेम्पो हा शब्द आपल्याकडं इतका मुरलाय की तो एका जर्मन कंपनीचा मार्का होता हे सांगूनही पटत नाही. हॅम्बुर्गजवळच्या विडाल आणि मुलगा या कंपनीच्या गाड्या 'टेम्पो' नावानं विकल्या जायच्या. त्यांची 'हॅन्सिएट' नावाची तीनचाकी भारतात आणली ती आपल्या शेजारच्या नगरच्या माणसानं, नवलमल फिरोदिया यांनी. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला हा माणूस पुढं उद्योगात उतरला आणि १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली. तीच आजची फोर्स मोटर्स. मॅटेडोरही त्यांचीच. हॅम्बुर्गची ती मूळ कंपनी केव्हाच इतिहासात जमा झाली, तिचं नाव मात्र आपल्या बाजारात रोज हाकारलं जातं.

स्टेपनीची गोष्ट तर आणखी लांबची. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात लानेथ्ली नावाचं गाव आहे, तिथं स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांना जादा चाक मिळतच नसे. पंक्चर झालं की भर रस्त्यात बसून ट्यूब काढायची. १९०४ च्या सुमाराला डेव्हिस बंधूंनी हवा भरलेलं, आरे नसलेलं एक चाक बनवलं. ते पंक्चर चाकाला शिकंज्यांनी आवळायचं आणि पुढं निघायचं. रस्त्याच्या नावावरून चाकाला स्टेपनी म्हटलं गेलं. इंग्लंडमध्ये हा शब्द आज कुणाला फारसा आठवत नाही. पाटोद्याच्या पंक्चरवाल्याला मात्र दुसरा शब्दच माहीत नाही!

डुको म्हणजे अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचा १९२० च्या दशकातला रंग. त्याआधी गाडीचा रंग वाळायला कित्येक दिवस जायचे. हा लवकर वाळायचा, म्हणून कारखान्यांनी उचलून धरला. आता कुठल्याही कंपनीचा रंग मारला तरी आपण 'डुको मारला' असंच म्हणतो. डिझेल पंपाला 'मायको' म्हणतात तेही तसंच. १९५१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीच्या नावाचं ते छोटं रूप. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी पंपवाला अजून मायकोच म्हणतो.

माझगावात जुळलेली जीप

१९४५ मध्ये दोघे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी काढली. फाळणी झाली, मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढं गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. म्हणजे एम अँड एम ही अक्षरं तीच राहिली, फक्त एका एमचा अर्थ बदलला. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला अमेरिकेच्या विलीज जीपची जुळणी सुरू झाली. तिथून पुढं आपल्या रस्त्यांवर जे जे जीपच्या तोंडाचं धावलं, त्याची वंशावळ त्या माझगावच्या शेडपाशी जाते.

त्यातली सीजे-३बी ही जीप ओळखायची खूण म्हणजे तिचं उंच बॉनेट. ते दिसण्यासाठी उंच केलेलं नाही. तिच्या पेट्रोल इंजिनातले हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये बसवले होते, त्यामुळं इंजिनच उंच झालं आणि बॉनेटला मान वर करावी लागली. तिच्या दोन्ही धुऱ्यांमधलं अंतर ८० इंच. पुढच्या एमएम ५४० चं ९१ इंच. जुनी जीप घेताना नुसता टेप धरला तरी समोर काय उभं आहे याचा निम्मा अंदाज येतो.

आता शेतकऱ्याला आवडेल अशी गोष्ट. महिंद्रानं १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर ट्रॅक्टरसाठी हात मिळवले. त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन पुढं जीपमध्ये आलं. जीप आणि ट्रॅक्टर सख्खे नसले तरी चुलतभाऊ आहेत. त्यामुळंच ट्रॅक्टर उघडणारा मिस्त्री जुन्या डिझेल जीपला बिचकत नाही. काही मॉडेलांत नंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचं डिझेल इंजिन आलं, ते आवाजानंच वेगळं ओळखू येतं.

नट उलटा फिरतो, माणूस नाही

जुन्या विलीजचं डावं चाक खोलताना नवखा माणूस पाना मोडून बसतो. कारण डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. उजवीकडं सरळ, डावीकडं उलटे. चाक पुढं फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून त्या काळी केलेली ही सोय. गंजलेल्या नटावर पाइप लावून जोर देण्याआधी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते बघा, नाहीतर स्टड तुटतो आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

आणखी एक. त्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. तो गिअरपेटीच्या मागं, मागच्या शाफ्टवर असतो. उभी गाडी तो घट्ट धरून ठेवतो, पण धावत्या गाडीत ओढला तर सगळा झटका शाफ्टवर येतो. हे माहीत नसताना सौताड्याच्या उतारावर हँडब्रेकच्या भरवशावर राहणं म्हणजे जिवाशी खेळ.

म्हणून ब्रेकवर काटकसर नको. खरं तर हे काम स्वस्तातच होतं. चाकाच्या सिलिंडरमधली रबरी किट बदलली, पाइप आतून साफ केले, लायनर नवे बसवले की जुने ड्रम ब्रेक नव्यासारखे धरतात. दोन गोष्टी सांभाळा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंग सोलून निघतो, तेव्हा लगेच पाण्यानं धुवा. आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ती धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

बॅटरी नसली तरी धावणारं इंजिन

जुन्या डिझेल पिकअपची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही. एकदा सुरू झालं की या इंजिनाला विजेची गरज नसते. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. डिझेल इंजिन हवा इतकी दाबतं की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल उडालं की पेटतं. पंप यंत्रावर चालणारा, संगणक नाही, सेन्सर नाही. म्हणून तर धक्का देऊन ती सुरू होते. बॅटरी कमजोर असलेला माणूस गाडी उतारावरच लावतो, हे आपल्याकडं पोराटोरांनाही ठाऊक आहे. आणि म्हणूनच ती बंद करायला नुसती चावी फिरवून भागत नाही. डॅशबोर्डखालचा स्टॉपचा दांडा ओढून डिझेलच तोडावं लागतं.

कित्येक वर्षं उभ्या गाडीच्या टाकीतलं डिझेल मात्र जसंच्या तसं वापरू नका. तळाशी पाणी आणि गाळ बसतो, तो पंपात गेला की सगळ्यात महागडा भाग बिघडतो. टाकी उतरवून धुवायची, फिल्टर नवा टाकायचा आणि मग एअर काढायची. आमच्याकडं 'गाडीनं एअर घेतली' म्हणतात ते हेच. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला की पंप नुसता हवा दाबत बसतो. फिल्टरवरचा स्क्रू जरा सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, फुसफुस होते, आणि मग एका क्षणी बुडबुडे संपून डिझेलची सलग धार लागते. चाचांनी तो स्क्रू आवळला, काकांनी सेल्फ मारला. तिसऱ्या फेऱ्याला इंजिननं काळा धूर टाकला, थरथरलं आणि लागलं. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. काकू दारातून म्हणाली, "आवाज तोच आहे की हो!"

इंजिन खोलायचंच असं आधी ठरवू नका. रिंगा-पिस्टन, बोअर, लायनर या कामाला खरा पैसा लागतो. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जळतंय, काळा असेल तर डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय, आणि पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेडच्या पॅकिंगकडं बघा. बऱ्याच वेळा नोझल साफ करून पंपाचं कॅलिब्रेशन केलं की काम भागतं.

रेडिएटरचं दुखणं खास आपल्या मुलखाचं. बोअरचं पाणी जड. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाला आतून पांढरा थर कसा चढतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. मग उन्हाळ्यात घाट चढताना काटा लाल रेषेला टेकतो आणि आपण इंजिनला शिव्या देतो. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या आणि नंतर बॅटरीत घालतात तसं शुद्ध पाणी कूलंटबरोबर भरा. बोअरचं पाणी पुन्हा त्यात नको.

टायर एक मापाचे, स्वभाव दोन

जुन्या जीपच्या टायरचं माप ६.००-१६. गंमत म्हणजे कित्येक ट्रॅक्टरांच्या पुढच्या टायरचंही हेच माप. त्यामुळं कुणीतरी हमखास सुचवतं, "ट्रॅक्टरचेच घाला की, स्वस्त पडतील." रिमवर ते बसतातही! पण ट्रॅक्टरचा टायर शेतातल्या संथ वेगासाठी बांधलेला असतो, साधारण ताशी ३०-४० किलोमीटरसाठी. मांजरसुंब्याच्या हायवेवर ६० नं पळवला तर तापून फुटू शकतो. माप बघताना बाजूवरचं वेगाचं अक्षरही वाचा. रिमोल्ड टायर वापरायचेच असतील तर मागं वापरा, पुढं कधीच नको.

धुण्याच्या सोड्यात गंज उतरतो

कमी खर्चातला हा सगळ्यात देखणा प्रयोग. प्लॅस्टिकचा मोठा टब, पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. गंजलेला कंस, बिजागरी, फाळक्याची साखळी असा सुटा भाग पाण्यात लटकवायचा आणि त्याला १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार जोडायची. धन तार एका टाकाऊ लोखंडी पट्टीला. दोघांनी एकमेकांना टेकायचं नाही. थोड्या वेळात भागाभोवती बारीक बुडबुडे सुटतात, पाणी तपकिरी होत जातं आणि रात्रभरात गंज काळा, मऊ होऊन ब्रशनं निघतो. खालचं चांगलं लोखंड झिजत नाही, हा याचा मोठा फायदा.

हे काम उघड्यावर करायचं, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. बिडी-काडी लांब. आणि पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी तयार होतं. भाग बाहेर काढला की पुसून, वाळवून लगेच रेड ऑक्साइडचा हात द्या, नाहीतर तासाभरात पुन्हा लालसर झाक येते.

बाभळीची फळी, लोहाराची कडी

हौदा हा खरा आपल्या हातातला भाग. पत्र्याची नवी जमीन बसवण्यापेक्षा लाकडी फळ्या टाकल्या तर? अमेरिकेत पिकअपच्या हौद्याची जमीन कित्येक दशकं लाकडाचीच होती. आपल्याकडं तर बैलगाडी बांधणाऱ्या सुताराला हे काम नवं नाही. बाभूळ कठीण, चिवट आणि बांधावर मिळणारी. चांगली वाळवलेली फळी घ्यायची, दोन फळ्यांत बोटाच्या नखाएवढी फट ठेवायची म्हणजे पाणी खाली जातं. वर जळक्या तेलाचा हात देण्याचा मोह टाळा. शेळ्या आणि धान्य याच हौद्यातून जाणार आहेत. जवसाचं तेल पुरे.

सीताफळाच्या दिवसांत हा लाकडी हौदा फारच उपयोगी पडतो. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि ते फळ अतिशय नाजूक. पत्रा उन्हात तापतो, लाकूड तेवढं तापत नाही.

सुटे भाग कुठं शोधायचे? आधी जवळ. बीड, जामखेड, नगर. नाही मिळाले तर पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुन्या जीपच्या भागांसाठी उत्तरेत हरियाणातलं मंडी डबवाली प्रसिद्ध आहे. तिथं जुन्या जीप सुट्या भागांतून नव्यानं उभ्या करतात. पण जाण्याआधी एक लक्षात ठेवा: जुना भाग फेकून देऊ नका, सोबत घेऊन जा. फोटो दाखवून आणलेला भाग हमखास दोन सुतांनी वेगळा निघतो.

ऑलिव्ह हिरवा? हात लावू नका

आता रंग. जीपच्या तोंडाची गाडी म्हटलं की प्रत्येकाच्या मनात एकच रंग, लष्कराचा ऑलिव्ह हिरवा. आणि नेमका तोच चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. ट्रॅक्टरला त्यातून सूट आहे, पिकअपला नाही. दुसरा कुठलाही रंग घ्या, फक्त आरसीवर त्याची नोंद करून घ्या.

गाडी सजवायची हौस मी समजू शकतो. पण कायदा कुठं अडवतो ते आधी माहीत असलेलं बरं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. म्हणजे चासी कापून लांब करणं, बंद केबिन कापून उघडी करणं हे गेलं. इंजिन बदलायचं तर आरटीओच्या परवानगीनं आणि त्याच जातीचं. पुढचे लोखंडी बुलबार डिसेंबर २०१७ पासून बेकायदा आहेत, कारण टकरीत ते समोरच्या पादचाऱ्याला चिरडतात. मागच्या फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायलाही २०१५ पासून महाराष्ट्रात बंदी आहे, कारण ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. बाकी आईचा आशीर्वाद लिहा, गावाचं नाव लिहा, मोर काढा. आपल्या भागात हातानं अक्षर काढणारे पेंटर अजून आहेत. छापील स्टिकरपेक्षा त्यांच्या कुंचल्याला काम द्या. तेच या गाडीला शोभतं.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातली घटना आठवते? यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या एका कारागिरानं २०२१ मध्ये भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली, खर्च साधारण ६० हजार. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ती गाडी नियमात बसत नाही, रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितलं. २०२२ च्या जानेवारीत त्या कारागिराला बदल्यात नवी बोलेरो मिळाली. कारागिरी आणि कायदा दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते.

देवळात जायला आणि डुकरं न्यायला

पिकअपचा जन्मच शेतकऱ्याच्या घरातला आहे. हेन्री फोर्डच्या कंपनीनं १९२५ मध्ये कारखान्यातूनच हौदा लावून आलेली पहिली फोर्ड पिकअप विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. तोवर शेतकरी मोटार विकत घेऊन मागचा भाग स्वतःच कापायचे आणि लाकडी पेटी बसवायचे. ऑस्ट्रेलियात तर एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्डला पत्र लिहिलं: रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. १९३४ मध्ये तशी गाडी आली आणि आजही तिथं तिला 'यूट' म्हणतात. आपल्याकडं अजून तेच. सकाळी शेळ्या, दुपारी खताची पोती, संध्याकाळी हौदा धुऊन सतरंजी टाकली की वऱ्हाड!

आणि इथं अशा गाडीची गरज मुळात मोठी. बीड आणि नगरदरम्यान पहिली प्रवासी रेल्वे सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. पाटोदा गावाला अजून रूळ नाही. दवाखाना, बाजार समिती, ऊसतोडीला निघालेली माणसं, सगळं रस्त्यानं. रस्त्यावरची गाडी हीच आमची रेल्वे.

शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त काम

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. मालवाहू म्हणून नोंद असेल तर आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. वैयक्तिक वापराची गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर जुलै २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते: फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. शेतकऱ्यानं हे ध्यानात ठेवून निवड करावी.

या सगळ्याची सुरुवात एका नंबरापासून होते. आरसी फाटलेली असो, नाव आजोबांचं असो, नंबर १९८९ च्या आधीचा तीन अक्षरी असो, चासीवर ठोकलेला नंबर जागेवर असला तर कागद पुन्हा उभे करता येतात. तो नंबर नसला तर सोन्यासारखी गाडीसुद्धा रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या गाडीचा नंबर ग्रीस आणि मातीच्या बोटभर थराखाली होता. चाचांनी रॉकेलचं फडकं फिरवलं, खडू घासला, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली. एकेक आकडा कागदावर उमटत गेला. काकांनी तो आरसीशी ताडून बघितला आणि भंगारवाल्याला सांगितलं, "आता या दारात येऊ नका."

तुमच्या वस्तीवर अशी एखादी गाडी उभी असेल तर भाव ठरवण्याआधी एवढंच करा. रॉकेल, फडकं, खडू, कागद, पेन्सिल घ्या, पोतं अंथरा आणि तिच्या चासीचा नंबर वाचून बघा.